पुनःप्रेषक, हौशी रेडिओ : नियंत्रक संगणक-फलकाची निवड

हौशी रेडिओ केंद्राकडून आलेला संदेश एका कंप्रतेवर ग्रहण करून त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर अधिक शक्तीने पुन्हा प्रेषित करणाऱ्या, बहुधा उंच जागी उभारलेल्या स्वयंचलित केंद्रास पुनःप्रेषक म्हणतात. हौशी मंडळींच्या बोलण्यात यासाठी ‘रिपीटर’ हाच शब्द रूढ आहे. अत्युच्च कंप्रतेचे तरंग सामान्यतः दृष्टिरेषेतच जात असल्याने हातात मावणाऱ्या ५ वॉट शक्तीच्या संचाचा पल्ला दाट वस्तीत काही किमी. पुरताच असतो. तोच संच डोंगरमाथ्यावरील पुनःप्रेषकाच्या साहाय्याने कित्येक पट दूर असलेल्या केंद्राशी संभाषण करू शकतो. भारतात हौशी सेवेला या पट्ट्यातील १४४ ते १४६ मेगॅहर्ट्‌झ हा विभाग दिलेला असून त्यात पुनःप्रेषकाची ग्रहणाची व प्रेषणाची कंप्रता यांत सामान्यतः ६०० किलोहर्ट्‌झचे अंतर ठेवतात.

पुनःप्रेषकाचे मुख्य भाग म्हणजे ग्राही, प्रेषक, एकाच आकाशकावर (अँटेनावर) दोहोंना काम करता यावे म्हणून वापरलेला पोकळ अनुस्पंदकांचा छानक-संच आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा नियंत्रक. वाहक तरंग आला आहे की नाही हे ओळखणे, प्रेषक सुरू करणे, बोलणाऱ्याचे बोलणे संपल्यावर क्षणभर थांबून तो बंद करणे, ठराविक काळाने केंद्राचे अभिज्ञानचिन्ह मोर्स संकेतांत अथवा वाणीने प्रसारित करणे, कोणी बटण दाबूनच ठेवले तर काही मिनिटांनी प्रेषण तोडणे आणि देखभाल करणाऱ्याने दुरून धाडलेल्या स्वर-संकेतांनुसार वागणे, ही नियंत्रकाची कामे होत. यांखेरीज दोन वा अधिक पुनःप्रेषक इंटरनेटद्वारे एकमेकांस जोडावयाचे असल्यास (त्या त्या देशातील परवान्याच्या अटी यास अनुकूल असल्या तरच) तेही काम नियंत्रकाकडेच येते. अलीकडे या कामासाठी लिनक्स या परिचालन प्रणालीवर चालणारा, पत्त्याएवढ्या आकाराचा व एकाच मुद्रित मंडल-फलकावर मावणारा संगणक वापरण्याची पद्धत पडली आहे. असा फलक निवडताना कोणत्या गोष्टी पहाव्यात याविषयी बरेच गैरसमज आढळतात. घरातील मेजावर उत्तम चालणारा फलक डोंगरावर चालेलच असे नाही, आणि नियंत्रक बंद पडला म्हणजे ग्राही, प्रेषक व आकाशक सुस्थितीत असूनही संपूर्ण केंद्र मुके होते. वादळ, भूकंप अथवा पूर यांसारख्या आपत्तीत, म्हणजे जेव्हा पुनःप्रेषकाची खरी गरज असते तेव्हाच, वीज खंडित झालेली असते व माथ्यावर पोहोचण्याचा मार्गही बहुधा बंद असतो.

पूर्वपीठिका : आरंभीच्या पुनःप्रेषकांचे नियंत्रण रिले व यांत्रिक कालमापक यांनी होत असे. पुढे अर्धसंवाहक तर्कमंडले आली आणि १९८० च्या दशकात सूक्ष्मप्रक्रियकावर आधारलेले नियंत्रक बाजारात मिळू लागले. यांपैकी कित्येक नियंत्रक अनेक वर्षे विनातक्रार चालले, ही गोष्ट आजच्या निवडीतही विसरून चालत नाही. इंटरनेटद्वारे जोडणीचा प्रारंभ १९९७ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे डेव्हिड कॅमेरॉन यांच्या आयआरएलपी या प्रकल्पाने झाला व थोड्याच काळात तो लिनक्सवर नेण्यात आला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील जिम डिक्सन यांनी ॲस्टरिस्क या दूरध्वनि-विनिमय आज्ञावलीला पुनःप्रेषकाच्या नियंत्रणाची जोड दिली. त्यातूनच ऑलस्टारलिंक हे जाळे निर्माण झाले. स्वीडनमध्ये विकसित झालेली एसव्हीएक्सलिंक ही याच प्रकारची दुसरी आज्ञावली यूरोपात विशेष प्रचलित आहे.

या आज्ञावली प्रथम जुन्या मेज-संगणकांवर चालवीत. असा संगणक अखंड काही दशक वॉट वीज खाई, त्याचा पंखा धुळीने अडे आणि फिरती तबकडी उष्णतेने वा धक्क्याने निकामी होई. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधून ३५ डॉलर किंमतीचा रास्पबेरी पाय हा फलक विक्रीस आला व पुढील वर्षी अमेरिकेतून बीगलबोन ब्लॅक हा आला. यांमुळे वरील अडचणी एका फटक्यात दूर झाल्यासारखे वाटले. मात्र दोन्ही फलक शिक्षण व प्रयोग यांसाठी घडविलेले होते, निर्जन जागी वर्षानुवर्षे अखंड चालण्यासाठी नव्हे. पुढे अनुभवास आलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ यातच आहे.

गणनशक्तीची गरज : फलक निवडताना प्रथम प्रक्रियकाचा वेग पाहण्याची प्रवृत्ती असते, परंतु पुनःप्रेषकाच्या दृष्टीने हा सर्वांत कमी महत्त्वाचा निकष होय. ऑलस्टारलिंकमध्ये वाणी सामान्यतः सेकंदाला ८,००० नमुने या प्रमाणात हाताळली जाते व २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठविली जाते. प्रत्येक तुकड्यात अवघे १६० नमुने असतात. हे काम पहिल्या पिढीच्या, ७०० मेगॅहर्ट्‌झ वेगाच्या रास्पबेरी पायलाही झेपते. ग्राहीच्या विविक्तकातून थेट घेतलेल्या अपरिष्कृत ध्वनीवरून वाहक तरंगाचे अस्तित्व ओळखणे, ६७ ते २५० हर्ट्‌झच्या दरम्यानचे नीच-स्वर संकेत उकलणे व छानन करणे ही सर्व कामे आज्ञावलीकडेच सोपविल्यास मात्र गणनेचा भार बराच वाढतो. अशा वेळी चार गाभ्यांचा प्रक्रियक असलेला फलक (उदा., २०१६ सालचा रास्पबेरी पाय ३ किंवा २०२१ सालचा झीरो २ डब्ल्यू) घेणे इष्ट ठरते. याहून अधिक शक्तीचा या कामी काही उपयोग नाही. ती केवळ उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

अंकीय वाणीच्या पुनःप्रेषकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. डीएमआर या पद्धतीत एकच कंप्रता ३० मिलिसेकंदांच्या आळीपाळीच्या कालखंडांत विभागून दोन संभाषणे चालतात, म्हणून प्रेषणाचा क्षण काटेकोरपणे साधावा लागतो. लिनक्स ही अनेक कामे वाटून घेणारी प्रणाली असल्याने असा काटेकोरपणा तिच्याकडून मूलतः अपेक्षित नाही. तिच्या मुख्य धारेत तातडीच्या कामांसाठीची पूर्ण तरतूद २०२४ साली समाविष्ट झाली असली, तरी त्यावर विसंबण्यापेक्षा कालबद्ध काम वेगळ्या सूक्ष्मनियंत्रकाकडे देणे व लिनक्स फलकाकडे केवळ संदेशांची ने-आण ठेवणे हीच सर्वमान्य पद्धत आहे. एमएमडीव्हीएम या नावाने ओळखली जाणारी रचना याच तत्त्वावर आधारलेली आहे.

विद्युत् पुरवठा खंडित होणे : लिनक्स फलकाचे सर्वांत दुबळे अंग म्हणजे त्याची साठवण. रास्पबेरी पायच्या बहुतेक नमुन्यांत परिचालन प्रणाली नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. कार्डावर लेखन चालू असताना वीज गेल्यास केवळ त्या क्षणी लिहिली जाणारी फाइलच नव्हे, तर कार्डाच्या अंतर्गत नियंत्रकाची सूचीही बिघडू शकते व पुढच्या वेळी फलक सुरूच होत नाही. लिनक्स प्रणाली सतत नोंदी लिहीत असते, त्यामुळे वीज जाण्याचा क्षण व लेखनाचा क्षण एकत्र येण्याचा संभव मानला जातो त्याहून पुष्कळच जास्त असतो. शिवाय कार्डातील स्मृतिकोश ठराविक लेखनांनंतर झिजतात ते वेगळेच.

यावर तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे कार्डावरील प्रणाली केवळ वाचनासाठी खुली ठेवणे व तात्पुरते लेखन कार्यकारी स्मृतीत करणे. रास्पबेरी पायच्या अधिकृत प्रणालीत ही सोय आहे. ती वापरल्यास वीज कितीही वेळा गेली तरी कार्डाला जवळजवळ धोका रहात नाही, मात्र वीज गेल्यावर नोंदीही नाहीशा होतात आणि प्रत्येक बदलासाठी कार्ड मुद्दाम लेखनास खुले करावे लागते. दुसरा उपाय म्हणजे फलकावरच पक्की बसविलेली स्मृती असलेला नमुना घेणे. बीगलबोन ब्लॅकच्या २०१४ नंतरच्या प्रतींवर ४ गिगॅबाइट इतकी अशी स्मृती असते. अशी स्मृती सामान्यतः कार्डापेक्षा टिकाऊ असते व कार्डाच्या खोबणीतील सैल जोडणी हा दोषही टळतो. सागरी हवेत हा दुसरा दोष पहिल्याइतकाच त्रासदायक असतो. तिसरा उपाय म्हणजे पुरवठ्यातच राखीव घटमाला ठेवून, ती संपत आल्याची सूचना फलकाला देऊन त्याला व्यवस्थित बंद होऊ देणे. यांपैकी पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. असे असूनही तो नेहमी शेवटी आठवतो.

वीज पूर्ववत आल्यावर फलक आपोआप सुरू झाला पाहिजे, ही अट उघड वाटली तरी ती तपासावीच लागते, कारण काही फलकांना व बहुतेक लहान पेटीसंगणकांना सुरू होण्यासाठी कळ दाबावी लागते किंवा तशी मांडणी आधी करून ठेवावी लागते. सुरू होण्यास साधारणतः अर्धे ते एक मिनिट लागते. दरम्यान केंद्र मुके रहाते. प्रणाली गोठल्यास तिला आपोआप पुन्हा सुरू करणारा पहारा-कालमापक फलकातच असावा. रास्पबेरी पायच्या प्रक्रियकात तो असून प्रणालीने सु. १५ सेकंदांच्या आत त्याला आपण जागे असल्याची खूण न दिल्यास तो फलक पुन्हा सुरू करतो. हा कालमापक आपोआप कार्यान्वित असेलच असे मात्र धरून चालता येत नाही.

पुरवठ्याचा दाब हाही वरवर क्षुल्लक दिसणारा पण वारंवार त्रास देणारा भाग आहे. रास्पबेरी पायला ५ व्होल्ट लागतात व दाब सु. ४·६३ व्होल्टच्या खाली गेला की तो अपुऱ्या दाबाची सूचना देतो. ०·३ ओहम रोध असलेल्या बारीक तारेतून १·५ अँपिअर प्रवाह गेल्यास तारेतच ०·४५ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे दुसऱ्या टोकाशी ४·५५ व्होल्टच उरतात. पुष्कळशा ‘अनाकलनीय’ बिघाडांचे कारण फलकात नसून या तारेत सापडते. घटमालेच्या १२ व्होल्टपासून ५ व्होल्ट करणारा परिवर्तक फलकाच्या निकट बसविणे व जाड, आखूड तारा वापरणे हा त्यावरील उपाय होय.

घटमालेवरील भार : सौर पट्टावर चालणाऱ्या केंद्रात प्रत्येक वॉटचा हिशेब करावा लागतो. उदाहरणादाखल १२ व्होल्टची १०० अँपिअर-तास धारकतेची शिसे-अम्ल घटमाला घेऊ. ती टिकावी म्हणून तिची निम्मीच धारकता वापरावयाची आहे. ग्राहीला अखंड ०·३ अँपिअर लागतात असे धरल्यास दिवसाला सु. ७ अँपिअर-तास होतात. २५ वॉटचा प्रेषक सुरू असताना ५·५ अँपिअर घेतो व दिवसातून दोन तास चालतो असे मानल्यास ११ अँपिअर-तास होतात. अखंड ३ वॉट घेणारा फलक परिवर्तकातील व्यय धरून आणखी ७ अँपिअर-तास नेतो. एकूण २५ अँपिअर-तास म्हणजे सूर्यप्रकाशाशिवाय दोन दिवस. त्याऐवजी १ वॉटचा फलक वापरल्यास एकूण सु. २०·५ अँपिअर-तास होऊन हा अवधी जवळजवळ अर्ध्या दिवसाने वाढतो. सह्याद्रीच्या माथ्यावर जून ते सप्टेंबरमध्ये ढग आठवडाभरही हटत नाहीत, हे लक्षात घेता हा अर्धा दिवस नगण्य नव्हे. चित्रदर्शकाची जोडणी बंद ठेवणे व न लागणारा बिनतारी विभाग निष्क्रिय करणे यांमुळे फलकाचा खर्च आणखी थोडा घटतो. याउलट, २०२३ सालच्या रास्पबेरी पाय ५ साठी निर्मात्याने ५ अँपिअर क्षमतेच्या पुरवठ्याची शिफारस केली आहे. हा फलक अन्य कामांसाठी उत्तम असला, तरी निव्वळ पुनःप्रेषकासाठी तो गरजेहून मोठा ठरतो.

रेडिओ गोंगाट : पुनःप्रेषकाच्या ग्राहीला ०·२ मायक्रोव्होल्ट इतका क्षीण संकेतही ऐकावयाचा असतो, आणि त्याच खोलीत त्याच क्षणी २५ वॉटचा प्रेषक चालू असतो. ५० ओहम रोधात या दोन शक्तींचे गुणोत्तर सु. तीस हजार लक्ष कोटी इतके भरते. ग्राहीला प्रेषकापासून वाचविण्यासाठी मोठ्या खर्चाचे पोकळ अनुस्पंदक बसवावयाचे आणि शेजारीच संगणक-फलक उघडा ठेवून त्याचा गोंगाट आत येऊ द्यावयाचा, असा विरोधाभास अनेक ठिकाणी पहावयास मिळतो. संगणक-फलकातील चौकोनी स्पंदांत मूळ कंप्रतेच्या अनेक प्रसंवादी कंप्रता असतात. यूएसबीशी निगडित मंडलांत १२, २४ व ४८ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रता सर्रास आढळतात. पहिलीची बारावी, दुसरीची सहावी व तिसरीची तिसरी प्रसंवादी कंप्रता नेमकी १४४ मेगॅहर्ट्‌झ, म्हणजे हौशी पट्ट्याच्या उंबरठ्यावरच येते. रास्पबेरी पाय ४ मधील स्फटिक ५४ मेगॅहर्ट्‌झचा आहे. त्याची आठवी प्रसंवादी ४३२ मेगॅहर्ट्‌झ होते. यांशिवाय स्वस्त विद्युत् दाब-परिवर्तकांचा विस्तृत गोंगाट संपूर्ण पट्टाभर पसरतो. अनेकदा फलक निर्दोष व परिवर्तक अपराधी असतो.

या बाबतीत कोणता फलक चांगला हे जाहिरातीवरून ठरविता येत नाही, ते मोजावे लागते. पद्धत सोपी आहे. आकाशक जोडलेला असताना ग्राहीला संकेत-जनित्रातून क्षीण संकेत द्यावयाचा व तो जेमतेम समजेल इतका कमी करावयाचा. नंतर फलकाचा पुरवठा सुरू व बंद करून संकेतात फरक पडतो का ते ऐकावयाचे. फरक पडत असल्यास फलक जाड धातूच्या बंद पेटीत ठेवणे, पेटीबाहेर येणारी प्रत्येक तार आरपार धारित्रातून नेणे व तारांवर फेराइटची वलये बसविणे हे उपाय करतात. जाळ्याच्या तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशीय तंतू वापरल्यास गोंगाट घटतो आणि विजेच्या कडकडाटापासून होणाऱ्या नुकसानीचा एक मुख्य मार्गही बंद होतो.

ध्वनिमार्ग व जोडणी : रास्पबेरी पायवर ध्वनि-आदानाची सोय नाही. म्हणून बाहेरून यूएसबी साउंड कार्ड जोडावे लागते. या कामी सी-मीडिया या उत्पादकाच्या सीएम१०८ व सीएम११९ या मंडल-चिप विशेष लोकप्रिय आहेत. त्या सेकंदाला ४८,००० नमुने घेतात आणि त्यांच्यावरील काही मोकळ्या टोकांचा उपयोग वाहक तरंगाची सूचना घेण्यास व प्रेषक सुरू करण्यास करता येतो. अशा रीतीने ध्वनी व नियंत्रण या दोन्ही गोष्टी एकाच तारेने साधतात. येथे फलकाच्या यूएसबी मार्गाची रचना महत्त्वाची ठरते. रास्पबेरी पायच्या पहिल्या तीन पिढ्यांत तारजोडणीचे इथरनेट व सर्व यूएसबी द्वारे एकाच मार्गावरून प्रक्रियकाशी जोडलेली होती. पहिल्या पिढीत त्यामुळे ध्वनीत खंड पडत व खरखर येई. पुढे आज्ञावलीतील सुधारणांनी हा दोष बराच कमी झाला आणि २०१९ साली चौथ्या पिढीत इथरनेटला स्वतंत्र मार्ग मिळाल्यावर तो जवळजवळ संपुष्टात आला.

फलकाच्या टोकांवरून प्रेषक थेट नियंत्रित करावयाचा असल्यास एक धोका ध्यानात ठेवावा लागतो. फलक सुरू होत असताना, आज्ञावली ताबा घेण्यापूर्वी, टोके ज्या स्थितीत असतात तिच्यावर नियंत्रकाचा काही अधिकार नसतो. रास्पबेरी पायच्या पहिल्या चार पिढ्यांत ० ते ८ क्रमांकांची टोके अंतर्गत रोधकाने उच्च दाबाकडे व ९ ते २७ क्रमांकांची नीच दाबाकडे ओढलेली असतात. पहिल्या गटातील टोक वापरल्यास फलक सुरू होताना अर्धा मिनिट प्रेषक विनाकारण चालू राहू शकतो. क्रमांक १४ च्या टोकावरून सुरुवातीचे संदेश बाहेर पडत असल्यास प्रेषक तडतडतो. बीगलबोन ब्लॅकवर काही टोकांची स्थिती फलकाने कोठून सुरू व्हावे हेच ठरविते, त्यामुळे त्यांवर बाहेरून दाब आल्यास तो सुरूच होत नाही. दोन्ही फलकांची टोके ३·३ व्होल्टची आहेत. जुन्या रेडिओ संचातून येणारे ५ वा १२ व्होल्ट त्यांना थेट दिल्यास प्रक्रियक कायमचा निकामी होतो. प्रकाशीय युग्मक व ध्वनीसाठी लहान रोहित्र वापरून फलक व रेडिओ यांची भूयोजने विलग ठेवणे हा यावरील शिष्टसंमत उपाय असून त्याने गुणगुण हा दोषही जातो.

प्रेषण तोडणारा कालमापक केवळ आज्ञावलीत असून भागत नाही. गोठलेला संगणक स्वतःच प्रेषक सुरू ठेवीत असेल, तर त्याच संगणकातील कालमापक त्याला थांबवू शकत नाही. म्हणून काही मिनिटांनी प्रेषक निर्विवादपणे बंद करणारे, फलकावर अवलंबून नसलेले साधे मंडल हवेच. बहुतेक व्यावसायिक रेडिओ संचांत ते असते व ते सुरू केलेले आहे एवढे पहावे लागते. त्याचप्रमाणे फलकाकडून जागे असल्याची खूण येईनाशी झाल्यास ग्राहीचा ध्वनी थेट प्रेषकास जोडणारा एक रिले ठेवल्यास इंटरनेट-जोडणी तुटली व अभिज्ञानचिन्ह प्रसारित झाले नाही, तरी आपत्तीच्या काळी स्थानिक संभाषण चालू रहाते. अर्थात परवान्याच्या अटींमुळे अभिज्ञानचिन्हाचे दुसरे साधे साधन या मंडलाला जोडून ठेवावे लागते.

कालगणना व हवामान : पाचव्या पिढीपूर्वीच्या रास्पबेरी पायवर घटावर चालणारे घड्याळ नाही व पाचव्या पिढीतही त्याचा घट वेगळा घ्यावा लागतो. इंटरनेट बंद असताना वीज येऊन गेल्यास फलकाला तारीखच ठाऊक नसते. मग नोंदी निरुपयोगी होतात आणि चुकीच्या तारखेमुळे सांकेतिक सुरक्षेच्या जोडण्या पुढेही नाकारल्या जातात. डीएस३२३१ हे घड्याळ-मंडल जोडल्यास, वर्षाला सु. एक मिनिट इतक्याच चुकीत, ही अडचण अल्प खर्चात मिटते.

रास्पबेरी पाय ४ साठी निर्मात्याने सभोवतालच्या हवेचे तापमान ०° ते ५०° से. सांगितले आहे. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या बंद कपाटात ही मर्यादा एप्रिल-मेमध्ये सहज ओलांडली जाते. प्रक्रियकाचे तापमान ८०° से. झाले की तो आपला वेग आपोआप कमी करतो. केंद्र त्यामुळे बंद पडत नाही, परंतु आयुष्य घटते. पंखा बसविणे हा उपाय मोहक असला तरी हलणारा भाग आत आणू नये, धातूची पेटीच उष्णता-विसर्जक म्हणून वापरावी हे श्रेयस्कर. अधिक कडक हवामानासाठी −४०° ते ८५° से. पर्यंत चालणारा बीगलबोन ब्लॅकचा औद्योगिक नमुनाही निघालेला आहे. दमट हवेत फलकावर जलरोधक लेप देतात. कोकणातील व घाटमाथ्यावरील केंद्रांत मुंग्या व पाली यांचा बंदोबस्त हा विषय कोणत्याही माहितीपत्रकात नसतो, पण पेटीच्या तारांची भोके बुजविण्यावाचून गत्यंतर नाही.

उपलब्धता व आयुष्य : २०२१ ते २०२३ या काळात अर्धसंवाहकांच्या जागतिक टंचाईमुळे रास्पबेरी पाय मिळणे दुर्घट झाले होते. तेव्हा अनेकांनी अन्य उत्पादकांचे तशाच आकाराचे फलक घेतले. त्यांचे यंत्रभाग बहुधा चांगले असतात, परंतु त्यांना लागणारी लिनक्स प्रणाली उत्पादकाने दोन-तीन वर्षांनी अद्ययावत करणे सोडून दिल्यास फलक जिवंतपणी निरुपयोगी होतो. म्हणून फलकापेक्षा त्यामागील आज्ञावलीचा आधार किती काळ टिकेल हे पहाणे अधिक आवश्यक आहे. ऑलस्टारलिंकची २०२४ साली आलेली तिसरी आवृत्ती केवळ ६४ अंकी प्रक्रियकांसाठीच आहे. त्यामुळे पहिल्या पिढीचा रास्पबेरी पाय व बीगलबोन ब्लॅक हे ३२ अंकी फलक त्या जाळ्यापुरते कालबाह्य ठरले. अन्य आज्ञावलींसाठी ते अजूनही वापरता येतात.

कार्यालयांतून मोडीत निघालेले, पंखा नसलेले लहान पेटीसंगणक हा एक व्यवहार्य पर्याय होय. उदा., डेल वाइज ३०४० या नमुन्यात ६४ अंकी ॲटम प्रक्रियक, २ गिगॅबाइट कार्यकारी स्मृती व ८ वा १६ गिगॅबाइट पक्की स्मृती असते. ते धातूच्या वा जाड प्लॅस्टिकच्या पेटीत तयार मिळतात व त्यांत घड्याळही असते. त्यांवर नियंत्रणाची मोकळी टोके नसतात, पण वर वर्णिलेले साउंड कार्ड ती उणीव भरून काढते. मात्र घड्याळाचा जुना घट आधी बदलावा लागतो.

वीजजाळ्यावर चालणाऱ्या व इंटरनेटने जोडलेल्या शहरी केंद्रास रास्पबेरी पाय ४ अथवा असा पेटीसंगणक, सौर ऊर्जेवरील दुर्गम केंद्रास झीरो २ डब्ल्यू किंवा पाय ३, आणि इंटरनेटशी संबंधच नसलेल्या केंद्रास लिनक्स फलक न घेता साधा सूक्ष्मनियंत्रक, अशी विभागणी सामान्यतः समाधानकारक ठरते. शेवटच्या पर्यायाचा विचार फारसा होत नाही. अभिज्ञानचिन्ह, कालमापन व स्वर-संकेतांची उकल यांसाठी १ वॉटहूनही पुष्कळच कमी शक्ती घेणारा व वीज येताच क्षणार्धात सुरू होणारा सूक्ष्मनियंत्रक पुरेसा असतो.

फलक कोणताही असो, डोंगरावर नेण्यापूर्वी तो किमान एक महिना घरी अखंड चालवून पहातात व या काळात त्याची वीज शंभर-एक वेळा, मुद्दाम प्रेषण चालू असताना, खेचून तोडतात. या परीक्षेत न टिकलेला फलक माथ्यावर टिकत नाही. सर्व मांडणी पूर्ण झाल्यावर कार्डाची हुबेहूब प्रत करून, ती दुसऱ्या तशाच फलकात चालते याची खात्री करून, तो फलक व कार्ड बंद पिशवीत घालून केंद्राच्या कपाटातच ठेवतात. त्यामुळे पावसाळ्यात वर चढून गेलेल्या व्यक्तीला, ती संगणकाची जाणकार नसली तरी, दोन तारा बदलून केंद्र पुन्हा सुरू करता येते.